एका अक्षराचा कायदा

पुण्यात जपानी शिकायला लागले त्या वर्षी 'माझं कुटुंब' हा निबंध आम्हा सगळ्यांनाच लिहावा लागला होता. बाबा एसटीत, भाऊ बारावीला, आई नर्स. आईसाठी शब्द हवा होता. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललेला एक शब्दकोश माझ्याकडे होता, कडा पिवळ्या पडलेला, पुठ्ठा सुटलेला. त्यात नर्सपुढे लिहिलं होतं, कांगोफु. तीन कांजी अक्षरं, म्हणजे जपानीतली चिनी लिपीतून आलेली, प्रत्येकाला स्वतःचा अर्थ असलेली. शेवटचं अक्षर अकरा रेघांचं. ते वहीच्या मागच्या पानावर वीस वेळा गिरवलं आणि मगच निबंधात उतरवलं.

निबंध परत मिळाला तेव्हा बाकी सगळं ठीक होतं. फक्त ते शेवटचं अक्षर मॅडमनी लाल पेनानं खोडलं होतं आणि शेजारी दुसरंच अक्षर काढलं होतं. मी विचारलं, "रेघ चुकली का मॅडम?"

"रेघा बरोबर आहेत. शब्द बदललाय. कायद्यानं बदलला. आता कांगोशि म्हणायचं."

कायद्यानं शब्द बदलतो हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. घरी फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "नाव काय ठेवायचं ते ठेवा म्हणावं. नाइट ड्युटी कमी केली का, ते विचार." आईची तेव्हा नोकरीची शेवटची काही वर्षं राहिली होती.

आज मी तोक्योत राहते, भाषांतराचं काम करते, आणि त्या लाल पेनाच्या दुरुस्तीबद्दल इतक्या वर्षांनी लिहायला बसले आहे. कारण मागच्या पावसाळ्यात पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी मी इथल्या रुग्णालयात सहा दिवस होते, नेमकी आई तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती, आणि त्या सहा दिवसांत या एका अक्षरावरून आम्हा मायलेकींचं जेवढं बोलणं झालं तेवढं आयुष्यात कशावरून झालं नसेल.

आधी ते अक्षर सांगते.

कांगोफुमधला 'कां' म्हणजे बघणं. त्या अक्षरात वर हात आहे आणि खाली डोळा, लांबचं नीट दिसावं म्हणून आपण कपाळाशी हात आडवा धरतो तसा. 'गो' म्हणजे राखणं, सांभाळणं. म्हणजे कांगो झालं नजर ठेवून सांभाळणं. शुश्रूषा या आपल्या शब्दात मूळ अर्थ ऐकण्याच्या इच्छेचा आहे, त्यांच्याकडे बघण्याचा. दोन्ही मला फार आवडतात. प्रश्न होता तो तिसऱ्या अक्षराचा. 'फु' म्हणजे बाई, त्यातही लग्न झालेली, घरातली. डाव्या अर्ध्यात स्त्री, उजव्या अर्ध्यात केरसुणी.

1948 साली, युद्धानंतर अमेरिकी अंमल असताना, जपानमध्ये एक कायदा झाला. होकेनफु, जोसानफु आणि कांगोफु यांचा. होकेनफु म्हणजे वस्तीत, घरोघरी जाऊन आरोग्याचं बघणारी, जोसानफु म्हणजे सुईण, आणि तिसरी परिचारिका. कायद्याच्या नावातच तीनदा फु. परिचारिकेची व्याख्याही हे काम करणारी स्त्री अशीच. पुरुष तेव्हाही होते, पण त्यांच्यासाठी कायद्याच्या शेवटाकडे एक कलम जोडलेलं, की वरच्या तरतुदी या पुरुषांनाही लागू समजाव्यात. त्यांचं नाव कांगोनिन, शुश्रूषा करणारा माणूस. 1968 साली त्यांना कांगोशि हे वेगळं नाव मिळालं. हा 'शि' तीन रेघांचा, योद्धा, सभ्य गृहस्थ अशा अर्थाचा. मग पुढची तेहतीस-चौतीस वर्षं एकच परीक्षा, एकच परवाना, एकच वॉर्ड, पण बाईच्या नावाला केरसुणीचा फु आणि पुरुषाच्या नावाला योद्ध्याचा शि.

डिसेंबर 2001 मध्ये संसदेनं कायदा दुरुस्त केला आणि 1 मार्च 2002 पासून बाई असो की पुरुष, नाव एकच झालं, कांगोशि. गंमतीची नाही, खरोखर विचार करून केलेली गोष्ट पुढे आहे. हा 'शि' पुरुषांच्या जुन्या नावातला 'शि' नव्हे. उच्चार तोच, अक्षर निराळं, दहा रेघांचं. त्याचा अर्थ गुरू, जाणकार, त्या विद्येत मुरलेला. शिक्षक म्हणजे क्योशि, त्यात हा शि. डॉक्टर म्हणजे इशि, त्यात हाच शि. औषधं देणारा याकुझाइशि, त्यातही हाच. फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ यांच्या नावात मात्र अजूनही तीन रेघांचा शि आहे. म्हणजे बायकांना पुरुषांच्या नावात कोंबलं नाही, की पुरुषांना बायकांच्या. दोघांना उचलून डॉक्टरच्या ओळीत नेऊन बसवलं. कोरियानं हेच अक्षर परिचारिकेच्या नावात 1987 सालीच आणलं होतं. तिथे आधी कान्होवॉन होतं, म्हणजे शुश्रूषेची कर्मचारी. ते कान्होसा झालं. त्यातला 'सा' म्हणजे हाच दहा रेघांचा गुरू.

आईला हे सगळं मी रुग्णालयात पडल्या पडल्या सांगितलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भरती करून घेतात, दिवस जाता जात नाही. आईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "केरसुणीत वाईट काय आहे? लक्ष्मीपूजनाला आपण तिला हळदकुंकू वाहतो. केरसुणीला पाय लागला तर नमस्कार करतो."

मी म्हटलं, "वर्षातून एक दिवस."

त्यावर ती काही बोलली नाही. खिडकीशी जाऊन पडदा सरळ करत बसली. पडदा सरळच होता.

माझी आई चौतीस वर्षं सरकारी नोकरीत होती. कुठलं रुग्णालय ते लिहीत नाही, तालुक्याला काही वर्षं आणि जिल्ह्याला बाकीची. जनरल नर्सिंगचा कोर्स करून अधिपरिचारिका म्हणून लागली, परिसेविका म्हणून निवृत्त झाली. हे शब्द तुम्ही ऐकले नसतील तर नवल नाही. ते फक्त ऑर्डरवर असतात, पगारपत्रकावर असतात आणि बदलीच्या यादीत असतात. वॉर्डात अधिपरिचारिका म्हणजे सिस्टर, परिसेविका म्हणजे इन्चार्ज सिस्टर, अधिसेविका म्हणजे मेट्रन. गावाकडच्या उपकेंद्रात असेल तर नर्सबाई. आईचं नाव तिच्या पेशंटना माहीतच नसायचं. बाजारात कोणी हाक मारली तरी "ओ सिस्टर" अशीच. भाजीवाल्या मावशीसुद्धा "सिस्टरची पोरगी आली" म्हणायच्या. लहानपणी मला हे छान वाटायचं, सगळ्या गावाची बहीण आपली आई. मोठी झाल्यावर कळलं, की बहिणीनं रात्री तीन वाजता उठून पाणी दिलं तर त्याचे कोणी आभार मानत नाही, बहीणच ती.

तिच्या वॉर्डात एक पुरुष होते. सगळे त्यांना ब्रदर म्हणायचे. अतिशय हळुवार हाताचा माणूस, लहान मुलांची शीर त्यांना पहिल्या टोचणीत सापडायची, म्हणून बालरुग्ण विभागातून त्यांना सतत बोलावणं यायचं. त्यांच्या नेमणुकीच्या ऑर्डरवर पदाचं नाव होतं 'अधिपरिचारिका'. पदच त्या नावानं मंजूर, तर ऑर्डर दुसऱ्या नावानं कशी निघणार? बँकेत कर्जासाठी कागद दिले तर तिथल्या माणसानं दोनदा विचारलं, हे तुमचेच का. लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांना ऑर्डर दाखवावी लागली तेव्हा ब्रदरांनी आमच्या घरी येऊन आईला बरोबर चला म्हणून विनंती केली होती, समजावून सांगायला. आई गेली होती. जिल्हा परिषदेच्या भरतीच्या जाहिराती बघा, तिथे 'आरोग्य परिचारिका' आणि पुढे कंसात 'आरोग्य सेवक महिला' असं अजून लिहिलेलं सापडतं. म्हणजे आपल्याकडे नावाला लिंग चिकटलेलं आहे आणि ते निस्तरायला कंस घालावा लागतो. जपाननं 1948 साली कायद्याच्या शेवटी जे कलम जोडलं होतं, ते आणि आपला हा कंस, दोन्ही एकाच घरातले.

रात्रीची गोष्ट सांगायची म्हणून हे सगळं लिहायला घेतलं, ती आता सांगते.

ऑपरेशन झालं त्या रात्री झोप लागत नव्हती. चार खाटांची खोली, मध्ये पडदे. शेजारच्या खाटेवर नव्वदीच्या आजी होत्या. दिवसभर त्या शांत असायच्या, रात्री घाबरायच्या. घंटीचं बटण उशाशी बांधलेलं असूनही त्या ते दाबायच्या नाहीत, हाक मारायच्या. "कांगोफु-सान. कांगोफु-सान." अगदी बारीक आवाजात, कुणाची झोपमोड होऊ नये अशा बेतानं. बाहेर रबरी तळव्यांची पावलं वाजली आणि पडद्याच्या फटीतून मला दिसलं, आत आला तो पन्नाशीकडे झुकलेला पुरुष. कानाजवळचे केस पांढरे, छातीवर बिल्ला, त्यावर आडनाव आणि खाली 'कांगोशि'. आजी पुन्हा म्हणाल्या, "कांगोफु-सान, मला घरी जायचंय." तो म्हणाला, "हाय," म्हणजे हो. खाटेशी गुडघ्यावर बसला, म्हणजे त्यांचा आणि त्याचा चेहरा एका उंचीवर आला. त्यानं आजींचा हात हातात घेतला. बराच वेळ घोट्यावर पांघरूण नीट करत तो काही ना काही बोलत राहिला, पाऊस पडतोय का, घरी मांजर आहे का. आजी झोपल्या तेव्हा उठला, सलाइनकडे एक नजर टाकली, घड्याळात बघितलं आणि माझ्याकडे आला. मी जागी आहे हे त्याला कळलं होतं.

माझ्या मनगटावरची पट्टी मशीनला लावून त्यानं नाव विचारलं. पूर्ण नाव. त्या सहा दिवसांत प्रत्येक गोळीला, प्रत्येक बाटलीला माझ्या तोंडून माझं पूर्ण नाव वदवून घेतलं गेलं.

मी त्याला विचारलं, आजी कांगोफु म्हणतात त्याचं काही वाटत नाही का. तो हसून म्हणाला, त्यांच्या आयुष्यात जो आजारपणात मदतीला आला त्याचं नाव कांगोफु होतं, म्हणून त्या त्यालाच बोलावतात, मग मी जातो. मग पडदा धरून उभा राहून त्यानं थोडं सांगितलं. त्याला परवाना मिळाला तेव्हा 2002 साल यायचं होतं, म्हणून त्याच्या परवान्यावर तीन रेघांचा शि आहे. त्याच्याबरोबर पास झालेल्या मैत्रिणींच्या परवान्यावर फु. जुने कागद बदलून घ्यावे लागले नाहीत, नव्या कायद्यात ते चालतात. "माझं नाव बोलताना बदललंच नाही," तो म्हणाला, "लिहिताना बदललं. त्या महिन्यात मी पहिल्यांदा नोंदवहीत नवीन अक्षर लिहिलं तेव्हा हात जरा जड झाला. हे अक्षर डॉक्टरचं आहे, असं वाटलं." त्या काळी पुरुष परिचारक म्हटला की मानसोपचाराच्या वॉर्डात पाठवायचे, ताकदीचं काम म्हणून. त्याचीही पहिली वर्षं तिथेच गेली. आज इथे शंभरात आठ-नऊ परिचारक पुरुष आहेत. नाव बदलल्यामुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला ज्या धंद्याच्या नावातच बाई आहे त्याचा फॉर्म भरायला किती धीर लागत असेल, हे मला आमच्या ब्रदरांमुळे माहीत आहे.

सकाळी आई आली तेव्हा तिला हे सांगितलं. गुडघ्यावर बसण्याचा भाग तिनं परत सांगायला लावला.

आणि मग ती जे बोलली त्यामुळे माझंच या विषयाकडे बघणं बदललं. मला तोवर हा मानाचा प्रश्न वाटत होता. बायकांचा मान, पुरुषांची अडचण, एवढाच. आई म्हणाली, "अगं, फु काढला, शि लावला, चांगलं केलं. पण शि कुणी लावायचा हे ठरवलं का?"

तिला काय म्हणायचंय ते मला लगेच कळलं नाही. मग तिनं सांगितलं. निवृत्तीनंतर गुडघा दुखतो म्हणून ती एका खासगी दवाखान्यात गेली होती. तिथे गुलाबी कोटातली एक मुलगी इंजेक्शन भरत होती. आईनं बघितलं, मुलीनं हवा काढली नाही, कापूस फिरवला तोही सुकाच. आईनं विचारलं, कुठून केलं गं नर्सिंग? मुलगी म्हणाली, "इथंच शिकले, सहा महिने झाले." तेवढ्यात बाहेरून पेशंटची हाक आली, "ओ सिस्टर." दोघींनीही एकदम वळून बघितलं.

"तीन वर्षं होस्टेलवर काढली मी," आई म्हणाली. "कौन्सिलला नोंदणी. दर वेळी नूतनीकरण. चुकलं तर मी उभी राहायची चौकशीला. आणि ती पोरगी बिचारी चार हजारांवर राबतेय, तिचा काय दोष, पण पेशंटला फरक कसा कळणार? तिलाही सिस्टर, मलाही सिस्टर."

जपानच्या कायद्यात याचं उत्तर आहे, आणि ते नाव बदललं त्याच दिवशी आलेलं नाही. 2006 च्या दुरुस्तीत कलम आलं, की परवाना नसलेल्या कुणीही स्वतःला कांगोशि म्हणवून घ्यायचं नाही, त्याच्यासारखं भासणारं दुसरं नावही लावायचं नाही. लावलं तर दंड. काम तर आधीपासूनच परवान्याशिवाय करता येत नव्हतं. आता नावालाही कुलूप लागलं. मला वाटतं नाव कायद्यात असण्याचा खरा अर्थ हा आहे. नाव सुंदर झालं, आदराचं झालं, ठीक. पण ज्या नावामागे उत्तर द्यायला कुणी तरी बांधील आहे, तेच नाव आजारी माणसाच्या कामाचं. सिस्टर हे नाव कुणीच कुणाला दिलेलं नाही, म्हणून ते कुणीही घेतं.

जर्मनीतही परिचारिकेच्या जुन्या नावात सिस्टरच होती. क्रांकेनश्वेस्टर, आजाऱ्यांची बहीण. 2004 पासून तिथल्या कायद्यानं ते परवान्याचं नाव म्हणून देणं थांबवलं आणि 2020 पासून आणखी नवं नाव आणलं. लोक हाक अजूनही श्वेस्टर अशीच मारतात म्हणे. मारू देत. आजींनी कांगोफु म्हणावं आणि आमच्या गावातल्यांनी सिस्टर म्हणावं, त्यात माया आहे. हाकेचं नाव आणि परवान्याचं नाव वेगळं असायला हरकत नाही. परवान्याचं नाव मात्र हाकेवरून ठरू नये.

आपल्याकडे 2016 साली केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं स्वतःच्या रुग्णालयांत स्टाफ नर्सचं नर्सिंग ऑफिसर केलं, तो आदेश होता. 1947 च्या नर्सिंग कौन्सिलच्या कायद्याच्या जागी 2023 साली संसदेनं नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. इंग्रजीत ऑफिसर म्हटलं की लिंगाचा प्रश्न सुटतो. मराठीत काय करायचं? मी भाषांतर करून पोट भरते, तेव्हा मला यावर बोलायचा हक्क आहे असं मी समजते. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितलेत. वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे जो जवळ उभा आहे, हजर आहे. त्याचे गुणही दिलेत, उपचाराचं ज्ञान, दक्षता, रोग्याबद्दल माया आणि स्वच्छता. चारातला हा एक पाय नसला तर खाट उभी राहत नाही हे आपल्याला ठाऊक होतं. तोच शब्द उचलावा असा माझा आग्रह नाही, तो जड आहे. पण बाई-पुरुष दोघांना चालेल, कंस लागणार नाही आणि नोंदणी असलेल्यालाच लावता येईल असा एक मराठी शब्द ऑर्डरवर हवा, आणि तो ठरवताना वॉर्डात रात्री काढलेल्यांना विचारायला हवं. मी आईला विचारलं तर ती म्हणाली, "शब्द तू शोध. मी होय-नाही सांगते."

जपाननं सगळं केलं असंही नाही. सुईणीचं जुनं नाव सांबा, त्यातला बा म्हणजे म्हातारी बाई. 1947 मध्ये ती जोसानफु झाली, 2002 मध्ये जोसानशि झाली. नावातली बाई गेली. पण कायद्याच्या व्याख्येत आजही जोसानशि म्हणजे हे काम करणारी 'स्त्री' असंच लिहिलेलं आहे. परिचारिकेच्या व्याख्येत 'व्यक्ती' झाली, इथे झाली नाही. 2001 च्या आधी पुरुषांना ते दार उघडायची चर्चा झाली होती, विरोधही मोठा झाला. माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी जोसानशि बाईंनी सोळा तास माझी कंबर दाबली होती, त्या जागी पुरुष मला चालला असता का, याचं प्रामाणिक उत्तर माझ्याकडे 'नाही' असं आहे. तेव्हा तिथे मी गप्प बसते. आणि 'अर्ध्या' परिचारिकांचा प्रश्न आहेच. जुन-कांगोशि, म्हणजे दुय्यम कांगोशि, ज्यांना राष्ट्रीय परवाना नाही, राज्यपालाचा आहे, पगार कमी आणि काम डॉक्टर किंवा कांगोशिच्या सांगण्याप्रमाणेच. 2002 मध्ये त्यांचाही फु जाऊन शि आला. पुढचा 'जुन' मात्र तसाच राहिला, आणि त्यांना रोज बोचतो तो जुन.

पाचव्या दिवशी वॉर्डच्या प्रमुख आल्या, रोजच्या फेरीला. या पदाचं नाव आधी फुचो होतं, बायकांची मुख्य. कायद्याच्या मागोमाग रुग्णालयांनी ते शिचो केलं. बारीक चणीच्या, साठीला आलेल्या. आई खुर्चीवरून उठून उभी राहिली. इन्चार्ज आली की उठायचं हे तिच्या हाडात आहे, स्वतः नऊ वर्षं इन्चार्ज होती तरी. मी त्यांना सांगितलं, आईसुद्धा भारतात याच कामात होती, शिचो होती. हा शब्द मी आईसाठी पहिल्यांदा वापरला.

त्या बाई थांबल्या. हातातली फाइल त्यांनी ट्रॉलीवर ठेवली आणि आईला कमरेतून वाकून नमस्कार केला. "सेनपाइ," म्हणाल्या. आधी वाट चालून गेलेली. आईनं हात जोडले. मग दोघी माझ्यामार्फत बोलायला लागल्या. किती खाटा होत्या, त्यांनी विचारलं.

"बत्तीस," आई म्हणाली. "कागदावर. पेशंट साठ-पासष्ट. खाली गाद्या टाकायचो."

"रात्री किती जणी?"

"दोन. कधी एक. आणि एक मावशी."

मी भाषांतर केलं. शिचोबाईंनी मला आकडा परत विचारला. त्यांना वाटलं माझा शब्द चुकला. मी बोटांवर दाखवलं, एक. त्या आईकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आईचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, रात्री त्या परिचारकानं आजींचा घेतला होता तसा, आणि मला म्हणाल्या, "तुमच्या आईंचं नाव काय?"

मी सांगायच्या आधी आईनं सांगितलं. पूर्ण नाव, माहेरचं, मधलं, सासरचं, सगळं. पट्टी मशीनला लावून विचारल्यासारखं.

घरी आलो त्या संध्याकाळी आईनं दिनदर्शिकेचं मागचं कोरं पान माझ्यापुढे ठेवलं. "तो दहा रेघांचा काढून दाखव." मी काढला. डावीकडची उभी, मग छोटे खण, मग उजवीकडची आडवी, शेवटी मधून खाली ओढलेली लांब रेघ. आई चष्मा नाकावर घेऊन मोजत गिरवत होती, तिसऱ्यांदा आठवी रेघ चुकली तेव्हा म्हणाली, "थांब, पुसू नको, जमेल मला."